मधल्या वेचणीचं बी

रेशनच्या गव्हात गहू किती आणि खडे किती, हे सूप हातात घेतल्याशिवाय कळत नाही. आज सकाळी धुळ्याच्या आमच्या भाड्याच्या घरात बायको पाखडायला बसली होती आणि मी शेजारी बसून खडे वेचत होतो. श्रावण लागला आहे. नागपंचमी झाली की येणाऱ्या रविवारी कानबाई बसायची. बाहेर पावसाची नुसती भुरभुर, ओट्यावर ओल, आणि गल्लीतल्या कुठल्याशा घरातून बायकांच्या गाण्यांचा सराव ऐकू येत होता. "मुठी कोणाकोणाच्या घ्यायच्या?" बायकोनं विचारलं. दरवर्षी विचारते, आणि दरवर्षी मी उत्तराला वेळ लावतो.

खानदेशाबाहेरच्या माणसाला हे सांगावं लागतं. कानबाई ही आमच्याकडची देवी, आणि तिच्या रोटासाठी, म्हणजे नैवेद्यासाठी, घरातल्या एकेका माणसाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. त्या पिठाचं जे रांधलं जाईल ते कुळातल्यांनीच खायचं. लेक सासरी गेली की तिची मूठ गेली. जावई कितीही लाडका असो, त्याच्या पानात रोटाचा तुकडा पडत नाही. ज्याच्या नावाची मूठ पडली तो आपला, नाही पडली तो परका. मी वनस्पतिशास्त्र शिकलो आहे आणि हल्ली शाळेत शास्त्र शिकवतो, पण आपलं कोण आणि वेगळं कोण हे ठरवायची इतकी सोपी रीत मला कॉलेजातही कुणी दाखवली नाही.

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुधात बोट बुडवून बघतो. वाण्याच्या तराजूपेक्षा त्याच्या अंगठ्याकडे माझं लक्ष जास्त. वर्गात एखाद्यानं उत्तर फार लवकर दिलं तर मी त्याच्या शेजाऱ्याकडे बघतो. बायको म्हणते, तुम्ही मास्तर कशाला झालात, फौजदार व्हायचं होतं. पण कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाचं असंच होतं. आमच्याकडे कापसाची गाडी जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, फाटकात उभी राहिली की व्यापारी आधी बाही वर सारतो आणि कोपरापर्यंत हात गाडीत खुपसतो. वर कोरडा कापूस आणि खाली पाणी मारलेला, असं तर नाही ना? शेतकरी तेवढ्या वेळात काट्याखाली वाकून बघतो. दोघंही एकमेकांशी हसून बोलत असतात. असं हसणं बघत मी लहानाचा मोठा झालो.

तो श्रावण या महायुद्धाच्या आधीचा. पुण्याची परीक्षा देऊन, नोकरीची वाट बघत, मी अमळनेरकडच्या आमच्या गावी येऊन राहिलो होतो. अधिक महिना आल्यामुळे सण लांबले होते. कानबाई अजून यायची होती आणि कपाशी मात्र गुडघ्याच्या वर गेलेली. काळी माती पायाला इतकी चिकटायची की वावरातून घरी येईपर्यंत दर पावलागणिक उंची वाढल्यासारखी वाटे. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, अंबाडीची भाजी, ओल्या गोणपाटाचा वास आणि दिवसभर घोंघावणाऱ्या माश्या. हे सगळं आजही नाकात आणि कानात आहे. त्या दिवसांतला आनंद मात्र आठवू म्हटलं तरी नीट आठवत नाही, कारण त्याच्यावर लगेच दुसरं काहीतरी येऊन बसतं.

घरात माझे वडील थोरले. त्यांना सगळे नाना म्हणत. त्यांच्या पाठचे माझे काका म्हणजे आबा. आजोबा गेल्यापासून दोघं भाऊ एकाच धाब्याच्या घरात राहत होते. मध्ये भिंत नव्हती. लांबलचक पडवीच्या एका टोकाला मायची चूल, दुसऱ्या टोकाला काकूची. वावर एक, बैलजोडी एक, विहीर एक. वावरात मधोमध बांध घालावा असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

कापसाची मात्र एक रीत आजोबा लावून गेले होते. पहिली वेचणी थोरल्यानं घ्यायची, कारण शेतसारा त्यालाच वेळेवर भरावा लागे. शेवटची धाकट्यानं, कारण कपाशीची पऱ्हाटी उपटेपर्यंत राखणीला तो जायचा. मधली वेचणी सगळ्यात भरघोस. ती दोघांची मिळून, आणि ती गाडीत भरून सरळ जिनात जायची. तिचा एक दाणाही घरी येत नसे. बियाण्यापुरती सरकी दोघी जावा आपापल्या वेचणीतून काढायच्या. पडवीत पाठीला पाठ लावून दोघी लाकडी चरखी फिरवत बसायच्या. मग मायचं मडकं वेगळं, काकूचं वेगळं, दोन्हींत राख घातलेली.

पेरणीला ही सरकी शेणकाल्यात चोळायची, म्हणजे तिची लव बसते आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. नाना औत हाकायचे. मागून माय एका तासात, म्हणजे औतानं पाडलेल्या सरीत, नळीतून बी सोडत जायची आणि काकू शेजारच्या तासात. जिच्या तिच्या ओटीत जिची तिची सरकी. म्हणजे अख्ख्या वावरात एक ओळ मायची, एक ओळ काकूची, पुन्हा एक मायची. दोन ओळींमध्ये एक माणूस आडवा चालेल एवढीही जागा नाही.

आता मायच्या ओळी आधी फुलायच्या आणि काकूच्या मागाहून, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. माझ्या लहानपणी हा फरक थोडा होता, मग वाढत गेला. त्याची थट्टाच चालायची. काकूच्या ओटीतली सरकी दुपारची झोप काढून मग उगवते, असं माय म्हणायची. काकू म्हणायची की मोठ्या जाऊबाईंची घाई बघून पीकसुद्धा घाबरतं. दोघी हसायच्या आणि पुढच्या तासाला लागायच्या.

त्या श्रावणात शेतीखात्याचा एक माणूस पिकं बघत गावात आला. डोक्यावर खाकी टोपी, बुटाला चिखल, चेहऱ्यावर कुठेही बसायची तयारी नाही. आमच्या वावराच्या कडेला उभा राहून त्यानं दोन ओळींतलं एकेक झाड वाकवून पाहिलं. मायच्या ओळीवर पिवळी फुलं होती, कालची सुकून लाल झालेली होती. काकूच्या ओळीवर साधी पाती, म्हणजे कळीही, धरलेली नव्हती. "या वावरात दोन वाण आहेत," तो नानांना म्हणाला. "दुसरं बी कुणी आणलं?" नानांनी काही सांगायच्या आत तो पुढच्या वावराकडे निघालाही होता.

त्या एका प्रश्नानं आमच्या घरातली थट्टा संपली. माणसाच्या मनात संशय शिरला की जुन्या आठवणी नव्या दिसायला लागतात, हे मी नानांकडे बघून शिकलो. काकूचं माहेर तापीपलीकडे, शिरपूरच्या अंगाला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी गेली होती आणि येताना तिच्या डोक्यावर गाठोडं होतं. दरवर्षीच असायचं. त्यात पापड असायचे, कुरडया असायच्या, मायसाठी खण असायचा. पण आता नानांना ते गाठोडं जड वाटायला लागलं. गावात कोणी भेटलं की ते आडून आडून विचारायचे, आखाजीला गाडी कोणाची होती, वाटेत कुठे थांबली होती, शिरपूरकडे हल्ली कुठला कापूस पेरतात. सालदाराला विचारलं, शेजाऱ्याला विचारलं, न्हाव्यालासुद्धा विचारलं.

एका संध्याकाळी मायच्या चुलीपाशी बसून ते म्हणाले, "ज्यानी बी येगळं करं, त्यानी मनमा वाटणी करी टाकी." माय भाकरी थापत राहिली. मग नाना हळूच म्हणाले, "औंदा त्यानी मूठ लेवानी नही." मायचा हात परातीतच थांबला. मी दाराशी होतो. आबांची मूठ नाही, म्हणजे आबा, काकू आणि त्यांची पोरं कानबाईच्या दिवशी आमच्याच घरात परकी. वावर वाटून घेता येतं, भांडी वाटून घेता येतात, आणि तरीही माणसं भाऊ राहतात. रोटातून काढलेल्या भावाला पुन्हा आत घेतल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं.

पडवीच्या दुसऱ्या टोकालाही काही स्वच्छ चाललं नव्हतं. आबांचा संशय माझ्यावर. थोरल्याचा पोरगा पुण्याला झाडापानांचं शिकतो, मग लवकर फुलणारं बी त्यानंच कॉलेजातून आणून आईच्या मडक्यात टाकलं असणार, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. मला हे कळलं कसं? माझ्या ट्रंकेतल्या सदऱ्यांच्या घड्या मी नेहमी कॉलर आत घालून ठेवतो. एक दिवस कॉलरी बाहेर आल्या होत्या. मग मीही काकूच्या मडक्याच्या तोंडावरची गाठ बघायला लागलो. आधी ती साधी असायची, आता दुहेरी होती. नानांनी गव्हाच्या कणगीला कधी नव्हे ते झाकण घालून वर वरवंटा ठेवला. जेवायला सगळे बसायचे, मीठ मागायचे, मीठ द्यायचे, आणि सगळ्यांच्या नजरा दुसऱ्याच्या हातावर असायच्या.

मी आमच्या प्राध्यापकांना मनातल्या मनात विचारत होतो. त्यांनी शिकवलं होतं की एका जातीच्या दोन व्हायच्या तर मध्ये काहीतरी आडवं यावं लागतं, डोंगर नाहीतर समुद्र नाहीतर वाळवंट. इकडचे तिकडे जाऊ शकत नाहीत, मग दोघांच्या वाटा हळूहळू निराळ्या होतात. हे ऐकून घ्यायला बरं वाटतं. पण मला फार सोप्या गोष्टीचा संशय येतो. आमच्या गावच्या एकाच डबक्यात दोन तऱ्हेचे बेडूक होते. एक दिवेलागणीला ओरडायचे, दुसरे ते गप्प झाल्यावर. त्यांच्यामध्ये कुठला डोंगर होता? आणि आमच्या दोन ओळींमध्ये कुठला समुद्र होता?

एका दुपारी उघडीप होती म्हणून मी वावरात जाऊन बसलो. बसलो कसला, चोर पकडायलाच गेलो होतो. मधमाश्या मायच्या ओळीवर होत्या. एका पिवळ्या फुलातून निघायच्या, पाय पराग लागून पिवळे झालेले, काकूच्या ओळीवरून उडायच्या आणि पलीकडच्या मायच्याच ओळीवर बसायच्या. काकूच्या ओळीवर बसायला फूल होतंच कुठे? ते उमलेल तेव्हा मायची बहुतेक फुलं बोंडं होऊन गेलेली असणार. मी माशीमागून माशी बघत राहिलो आणि मग तसाच उठून घराकडे निघालो.

घरी येऊन मी आधी मायला, मग वेगळं गाठून काकूला, बियाण्याचं सगळं विचारलं. दोघींनी एकच सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून आपल्याच वेचणीतली सरकी, दुसऱ्या कशाला हात लावला नाही. पहिल्या वेचणीत येतात ती सगळ्यांत आधी फुललेल्या झाडांची बोंडं, शेवटच्या वेचणीत सगळ्यांत उशिरा फुललेल्यांची. माय दरसाल घाईच्या झाडांचं बी पेरत होती, काकू निवांत झाडांचं. आणि ज्या दिवसांत दोन्हीकडची फुलं एकाच वेळी उघडी असत, माश्या इकडचं तिकडे नेत, त्या दिवसांचा कापूस म्हणजे मधली वेचणी. ती दोघा भावांच्या मिळकतीची, एकोप्याची. ती अख्खी जिनात जायची, तिच्या सरकीचं तेल निघायचं, तिची पेंड कुठल्या तरी गुरांच्या तोंडात जायची. मधल्या वेचणीचं बी आमच्या मातीत कधी परत आलंच नाही.

कुणी काही आणलं नव्हतं. एका आजोबांचं, एका वावरातलं बी आमच्याच दोन ओट्यांतून दोन वाटांना लागलं होतं. त्याला नवी जात म्हणावं इतकं ते दूर गेलं नव्हतं, पण वाट तीच होती. मला इतका आनंद झाला की मी धावतच नानांकडे गेलो. काका चोर नाही, हे मला शास्त्रानं सांगता येणार होतं.

ओट्यावर नाना आणि आबा, मध्ये मी. मी वेचण्या सांगितल्या, फुलं सांगितली, माश्या सांगितल्या. आबा माझ्या तोंडाकडे न बघता ऐकत होते. शेवटी ते एवढंच म्हणाले की पुण्याहून शिकून आलेला पोरगा आता सांगतो, कोणीच काही आणलं नाही, तर सांगणारच. ते उठून गुरांकडे गेले. नाना मात्र मान खाली घालून बसले होते. त्यांना पटलं होतं. ते शेतकरी होते, वेचणी म्हणजे काय हे त्यांना माझ्याहून जास्त कळत होतं.

"म्हंजे चोर कोनीच नही?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. अंगणातल्या पाण्याकडे बघत ते म्हणाले, "चोर रहाता ते बरं व्हतं."

मला तेव्हा त्यांचा राग आला. निर्दोष भाऊ हाती आणून दिला आणि या माणसाला चोर हवा होता. आता मला त्यांचं म्हणणं थोडं समजतं. चोर असता तर त्याच्यावर ओरडता आलं असतं, माफ करता आलं असतं, गाठोडं नदीत सोडून पुन्हा एका मडक्यातलं बी पेरता आलं असतं. कोणी काही केलेलं नसताना जे वेगळं होत जातं, त्याच्याकडे माफी कुणी मागायची?

दोन दिवसांनी गहू काढायचे होते. सकाळी आंघोळ करून नाना स्वतः मायच्या शेजारी बसले. कणगीवरचा वरवंटा त्यांनीच उतरवला. आजोबांच्या नावानं हात जोडून झाल्यावर त्यांनी मायला सांगितलं की पहिली मूठ आबाची घे. आपल्याही आधी. मायनं डोळे पुसले आणि मूठ घेतली. मला आबांना बोलवायला पाठवलं. मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला गेलो, तेव्हा आबा गुरांची दावी वळत होते. ते आले आणि पडवीच्या मधोमध उभे राहिले. ताटात पडलेले गहू त्यांनी पाहिले. पहिली मूठ कोणाची हेही त्यांना कळलं असावं, कारण त्यांचा चेहरा हलला.

"भाऊ," ते म्हणाले, "आमनी कानबाई पुढला ऐतवारले शे."

पहिला रविवार ज्याला जमत नाही तो पुढचा धरतो, अशी मोकळीक आहे. त्यात गैर काहीच नव्हतं. नानांनी का म्हणून विचारलं. आबांचा आवाज चढला नाही. "तू बठ्ठासले इचारं," ते म्हणाले. "माले इचारं नही." सगळ्यांना विचारलंस, मला मात्र नाही, एवढं बोलून ते आल्या वाटेनं परत गेले. नानांनी त्यांच्या मागे जायला हवं होतं. माझं आजही तेच मत आहे. पण ते बसून राहिले.

त्याच वर्षी दिवाळीत मी एक खटाटोप केला. मायच्या ओळीत एखादं उशिराचं फूल अजून होतं. त्याचा पराग मी काकूच्या ओळीतल्या फुलाला हातानं लावला आणि दोरा बांधून ठेवला. बोंड धरलं, चांगलं टपोरं धरलं. आत सरकी भरलेली होती. म्हणजे अजून काही तुटलेलं नव्हतं. एकत्र येण्यात त्यांना कसलीच अडचण नव्हती, फक्त दोघांची वेळ जुळत नव्हती. ते बोंड हातात घेऊन मी वावरात उभा होतो आणि मला ते कुणाला दाखवावं हे सुचेना. नानांना दाखवलं असतं तर ते गप्प बसले असते. आबांना दाखवलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, यात कुठलं बी घातलंस?

आज आबांचे नातू आणि आमच्याकडची पोरं त्याच अंगणात विटीदांडू खेळतात. एकाच घरात दोन रविवारी दोन कानबाया बसतात. पोरांना विचारलं तर ती म्हणतात, आपलं आधीपासून असंच आहे. मला या 'आधीपासून'चा भारी संशय येतो. कुठल्याही पुस्तकात, कुठल्याही देशाच्या गोष्टीत, हे लोक मुळातच निराळे असं वाचलं की मी पान उलटायचं थांबतो आणि विचार करतो, यांची मधली वेचणी कुठे गेली असेल.

त्या वर्षीचा आमचा रविवार झाला, रोट झाला. माणसं कमी होती म्हणून बरंच उरलं. मग पुढचा रविवार आला. पडवीच्या त्या टोकाला काकूनं कानबाई बसवली. नथ घातलेला नारळ, केळीचे खांब, फुलांच्या माळा, सगळं नेहमीसारखं. बायका जमल्या. आमच्या टोकाला माय चुलीपाशी भाकरी करत होती आणि मी पाटावर बसलो होतो. गाण्यात पहिली ओळ नेहमी मायनं घ्यायची आणि दुसरी काकूनं उचलायची, लग्न होऊन आल्यापासून दोघींची ही सवय. त्या दिवशी काकूनं पहिली ओळ घेतली. आवाज जरा उंच लागला होता. ओळ संपली आणि दुसरी उचलायला तिकडून कोणाचाच आवाज आला नाही. मायच्या तोंडून ती आपोआप निघाली, पीठ लागलेला हात तसाच हवेत, ओळ अर्धी झाली असेल, आणि ती थांबली. भिंत नव्हतीच, काकू आम्हाला दिसत होती आणि आम्ही तिला.

मायनं तव्यावरची भाकरी उलटली.

"आज आपलं गानं नही शे," ती म्हणाली.